बाप्पा घडवला कोणी?

जून उजाडला की इथल्या बहुतेक मराठी मंडळांत निरोपांची एक लांबलचक साखळी सुरू होते. पूर्वी ती ई-मेलवर चालायची, आता व्हॉट्सअ‍ॅपवर चालते, एवढाच काय तो फरक. यंदा मूर्ती किती फुटांची? शाडूची की प्लास्टरची? नवी आणायची की गेल्या वर्षीचीच कपाटातून काढायची? बोटीने मागवायची, की सुट्टीहून परतणाऱ्या एखाद्या सदस्याच्या मांडीवर बसवून आणायची? मग कोणीतरी 'इको-फ्रेंडली' हा शब्द टाकतं, खजिनदार 'बजेट' हा शब्द टाकतात, आणि पुढचे तीन आठवडे कोणाला दुसरा विषय सुचत नाही.

या सगळ्या पत्रव्यवहारात एक प्रश्न मी इतक्या वर्षांत एकदाही वाचलेला नाही. तो म्हणजे, ही मूर्ती घडवणार कोण?

मी इथे मास्टर्स करायला आलो आणि तुमच्यातल्या अनेकांसारखा राहिलो. पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टन्सी करतो. आमच्या धंद्यात प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीपाशी ती कोणी लिहिली, कोणत्या दिवशी लिहिली आणि कोणी बदलली, याची नोंद असते. बँकेच्या एखाद्या कंटाळवाण्या फॉर्ममागच्या माणसाचंही नाव सापडतं. पण ज्या मूर्तीपुढे आपण दहा दिवस हात जोडून उभे राहतो, तिच्या बाबतीत आपल्याला फार तर एक्स्पोर्टरचं नाव ठाऊक असतं. माती मळली कोणी, सोंड वळवली कोणी, डोळे आखले कोणी, हे विचारायची गरजच कोणाला वाटत नाही. ही गोष्ट मला खटकते, आणि ती का खटकते हे सांगण्यासाठी हा लेख.

शाडू विरुद्ध प्लास्टर या वादाबद्दल आधी दोन शब्द. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सूचना काढून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. त्यावरून मूर्तिकार, सरकार आणि पर्यावरणवादी यांच्यात बरीच वर्षं जुंपली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात त्यांचं विसर्जन करायला नाही. पुढच्याच महिन्यात सहा फुटांवरच्या मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत तीही सवलत मिळाली. पाण्याची काळजी रास्तच आहे. पण या वादात नदी आहे, समुद्र आहे, मासे आहेत, कायदा आहे, आणि घडवणारा माणूस आला तरी तो फक्त 'रोजगार' म्हणून येतो. त्याच्या हातातल्या कलेबद्दल बोलायला कोणाला वेळ नाही.

ती कला काय आहे ते जरा बघू. शाडू म्हणजे बारीक कणांची, पांढुरकी-राखाडी चिकण माती. बरीचशी गुजरातेतून, भावनगरकडून येते. ती भिजवायची, मळायची आणि साच्यात अंगठ्याने दाबून बसवायची. साच्यातून निघालेलं अंग ओलं आणि लेचंपेचं असतं. त्याला सोंड, हात, कान जोडायचे, सांधे ओल्या बोटाने बुजवायचे, आणि मग वाळायला ठेवायचं. पावसाळी हवेत वाळायला कित्येक दिवस लागतात. घाई केली की तडा जातो. माती वाळताना आकसते, म्हणून किती जाड ठेवायची आणि कुठे पातळ करायची हे हातालाच कळावं लागतं. याउलट प्लास्टर पाण्यात कालवलं की अर्ध्या तासात घट्ट होतं. काथ्या घालून पोकळ ओतलं की हलकं होतं आणि प्रवासात मोडत नाही. परदेशी मंडळांना प्लास्टर का आवडतं, याचं उत्तर एवढंच आहे.

रंगकाम झालं की सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी. हे काम कोणाच्याही हाती देत नाहीत. बुबुळाची एक रेघ केसभर इकडेतिकडे झाली की प्रसन्न बाप्पा रागावलेला दिसायला लागतो. पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांत घरोघर कारखाने आहेत. विसर्जनानंतर थोड्याच दिवसांत तिथे पुढच्या वर्षाचं काम सुरू होतं. तिथून लाखो मूर्ती बाहेर पडतात आणि त्यांतल्या कित्येक आपल्यासारख्यांच्या हॉलमध्ये येऊन बसतात. आपण आरतीला जमतो, 'यंदाची मूर्ती किती छान आहे नाही!' असं म्हणतो आणि जेवणाच्या रांगेत उभे राहतो. छान आहे, पण कोणाची?

आता कोणी म्हणेल, मातीच्या बाहुल्यांचं एवढं काय कौतुक? कौतुक अशासाठी की आपल्याकडे याहून जुनी कला शोधायला फार दूर जावं लागेल. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. एका घराच्या जमिनीत मातीची लंबगोल डबी सापडली. तिच्यात डोकं नसलेली एक स्त्रीमूर्ती होती, आणि सोबत एक बैल. सगळं न भाजलेल्या मातीचं, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं. तेव्हा महाराष्ट्र हे नाव नव्हतं, मराठी भाषा नव्हती. पण ओल्या मातीतून देवी आणि बैल घडवणारे हात त्या काठावर होते.

आणि ते हात थांबलेले नाहीत. तुमचं लहानपण आठवून बघा. बेंदराला, पोळ्याला मातीचे बैल. नागपंचमीला मातीचा नाग. खानदेशात गुलाबाई आणि विदर्भात भुलाबाई, म्हणजे मातीचे शंकर-पार्वती मांडून मुली कोजागिरीपर्यंत गाणी म्हणतात. दिवाळीत अंगणातला किल्ला, आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज, पायथ्याशी गवळण, वासुदेव, शेतकरी आणि गावातला पाणवठा. किल्ल्यावर कधी क्रिकेटपटू आणि सैनिकही येऊन उभे राहायचे. ही कला फक्त देवाची नव्हती. आजूबाजूला जे माणूस दिसेल ते मातीत उतरवायचं, असा तिचा स्वभाव होता. सार्वजनिक गणेशोत्सवातले देखावे त्याच स्वभावाची मोठी आवृत्ती आहेत. आपण इथे येताना यातला फक्त गणपती बरोबर आणला, तोही तयार. बाकीचं सगळं कस्टम्सच्या अलीकडेच राहिलं.

गंमत म्हणजे यातलं बरंच काही आपल्या आधी इंग्लंडला पोचलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात मातीच्या रंगीत बाहुल्यांसाठी तीन गावं प्रसिद्ध होती: बंगालमधलं कृष्णनगर, लखनौ आणि आपलं पुणे. शिंपी, माळी, पाणक्या, ब्राह्मण, शिपाई, अशा वीतभर उंचीच्या बाहुल्या साहेब लोक हौसेने विकत घ्यायचे. त्या त्यांच्याबरोबर बोटीने विलायतेला आल्या आणि संग्रहालयांत जाऊन बसल्या. अशा बाहुल्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या की एक गोष्ट ध्यानात येते. बाहुली कोणाची आहे, म्हणजे कुठल्या जातीची, कुठल्या धंद्याची, हे लिहिलेलं असतं. बाहुली कोणी केली, हे क्वचितच. साहेबाला नग हवा होता, माणूस नको होता. साहेबाचं समजू शकतो. पण आज आपण मूर्ती मागवताना नेमकं तेच करत असू, तर साहेबाला नावं ठेवण्यात काय अर्थ आहे?

नाव मिळालं की काय होतं, त्याचं उदाहरण घरचंच आहे. विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१, गाव अलिबागजवळचं सासवणे. घरात गणपती घडवण्याची परंपरा. या मुलाच्या हातातली कला ऑटो रॉथफिल्ड नावाच्या इंग्रज कलेक्टरच्या नजरेस पडली, आणि त्याच्या मदतीने तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. पुढे १९२० च्या सुमारास तो इथे, लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत शिकायला आला. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच उच्च शिक्षणासाठी विलायतेला आलेला मराठी तरुण! १९२८ मध्ये त्याने घडवलेला शिवरायांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा पुण्यात उभा राहिला. सासवण्याच्या घरात आज त्याच्या शिल्पांचं संग्रहालय आहे, आणि त्यात देवांइतकीच आसपासची साधी माणसं आहेत. करमरकर एकटेच हुशार निघाले असं समजू नका. त्यांच्याकडे कोणीतरी बघितलं आणि 'हा कोण?' असं विचारलं. बाकीच्यांना कोणी विचारलं नाही.

आता तुम्हाला जरा लांब, अमेरिकेत नेतो, कारण तिथे हा प्रश्न विचारला गेला आहे. कामानिमित्त तिकडे गेलो असताना न्यू मेक्सिकोतल्या सांता फे या गावी दोन दिवस मिळाले. तिथल्या जुन्या राजवाड्याच्या ओसरीवर मूळनिवासी कारागीर ओळीने फडकी पसरून बसलेले असतात. नियम असा, की विकायला बसणाऱ्याने स्वतःचा किंवा घरच्यांनी केलेलाच माल विकायचा आणि त्यावर बनवणाऱ्याची खूण असायची. त्या परिसरात 'प्वेब्लो' म्हणून ओळखले जाणारे समाज राहतात. हाताने खणलेली माती, चाकाशिवाय घडवलेली भांडी आणि मूर्ती, उघड्यावरची भट्टी ही त्यांची शेकडो वर्षांची परंपरा.

त्यांचीही अवस्था एके काळी आपल्या पुणेरी बाहुल्यांसारखीच होती. १८८० च्या सुमारास कोचिटी या गावातले लोक बाहेरून आलेल्या मंडळींच्या मोठ्या गमतीदार मूर्ती करायचे. व्यापारी, सर्कसवाले, गाणारे, जो दिसेल त्याची नक्कल मातीत. दुकानदार त्या 'गमतीची वस्तू' म्हणून विकायचे आणि करणाऱ्याचं नाव कोणी टिपून ठेवलं नाही. मग १९६४ मध्ये त्याच गावातल्या हेलन कॉर्डेरो या बाईंनी एक मूर्ती केली. मुलांना अंगाखांद्यावर घेऊन, डोळे मिटून, तोंड उघडून गोष्ट सांगणारे आजोबा. ते त्यांचे स्वतःचे आजोबा होते, गावातले नावाजलेले कथेकरी. अलेक्झांडर जिरार्ड नावाच्या संग्राहकाने बाईंना जास्त मुलं असलेली मोठी मूर्ती करायला सुचवलं होतं, त्यातून हे आजोबा जन्मले. मायलेकराची मूर्ती करण्याची रीत गावात आधीपासून होती, बाईंनी तिच्यात स्वतःची आठवण घातली. 'स्टोरीटेलर' या नावाने ती मूर्ती गाजली आणि गावोगावच्या कारागिरांनी आपापल्या परीने ती घडवली. पण पहिली कोणी केली, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढच्या पिढ्या आणखी पुढे गेल्या. सांता क्लारा गावच्या रोक्सॅन स्वेंट्झेल यांच्या मूर्ती रुसतात, विचारात पडतात, हसतात. कोचिटीचेच व्हर्जिल ऑर्टिझ यांनी १६८० साली प्वेब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध केलेलं बंड घेतलं आणि ते २१८० सालात नेऊन ठेवलं! आपल्या कुंभारवाड्यातल्या मावळ्याला कोणी असं भविष्यात नेल्याचं तुम्ही पाहिलंय? नक्कल करून स्वस्त माल विकणारे तिथेही आहेत. म्हणून १९९० च्या एका कायद्याने बाहेरचा माल मूळनिवासींचा म्हणून विकणं हा गुन्हा ठरवला. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांची माती शिकवण्याच्या, भांडण्याच्या आणि अभिमानाच्या जागी आहे. आपली मात्र कार्टनमध्ये आहे.

हे सगळं मी एका कमिटीत बोललो, तेव्हा मिळालेली उत्तरं इथे मांडतो, कारण तीच तुमच्याही मनात असतील.

पहिलं उत्तर: 'अहो, दहा दिवसांत विरघळणाऱ्या वस्तूवर सही कशाला?' प्रश्न चांगला आहे. चतुर्थीला आपण 'पार्थिव' मूर्तीची पूजा करतो, म्हणजे मातीची, आणि ती मातीत परत जावी हाच त्यातला अर्थ. पण विरघळते ती मूर्ती. ज्याने ती घडवली तो पुढच्या वर्षी पुन्हा माती मळायला बसतो. गाणंही हवेत विरतं, म्हणून आपण गायकाचं नाव पोस्टरवर छापायचं सोडतो का?

दुसरं उत्तर: 'आपल्या परंपरेत कलाकार निनावी राहतो, ती भक्तीच आहे.' फार उदात्त वाटतं ऐकायला. मग कोणत्याही स्मरणिकेची पानं उलटून बघा. प्रायोजकांचे फोटो पानभर, केटरिंगवाल्यांची जाहिरात अर्धं पान, गुरुजींचं नाव, ढोल-पथकाच्या प्रत्येक सदस्याचं नाव, चहा केला त्यांचे आभार. निनावी राहण्याची भक्ती फक्त मूर्तिकारानेच का करायची? ही परंपरा नव्हे, जुनी सवय आहे. बलुतेदाराने वस्तू आणून द्यावी, सुपातलं धान्य घेऊन जावं आणि ओसरीवर थांबू नये, ही ती सवय. समुद्र ओलांडूनही ती आपल्या सामानात राहिली.

तिसरं उत्तर: 'मुलांना यात काय रस?' मुलांना रस नाही असं मला कधी दिसलेलं नाही. मंडळांच्या कार्यशाळांत मुलांना माती मिळते, पण तासाभरात साच्यातून बाप्पा काढायचा, फोटो घ्यायचा आणि पालकांनी पार्किंगची वेळ संपायच्या आत निघायचं. हे म्हणजे भाषा न शिकवता मुलाकडून स्तोत्र पाठ करून घेण्यासारखं आहे. त्यांना बैल करू द्या, शाळेतला लॉलिपॉप मॅन करू द्या, आजी करू द्या. हेलनबाईंनी आजोबा केले, आपल्या मुलांना व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगणारी आजी का करता येऊ नये? ती मराठी कलाच असेल, कारण दिसेल तो माणूस मातीत उतरवणं हीच आपली रीत आहे.

चौथं उत्तर: 'इथे शाडू कुठे मिळणार?' मंडळी, तुम्ही राहताय तो देश मातीवर श्रीमंत झाला! स्टॅफर्डशरमधल्या कुंभारकामावर अख्खी शहरं उभी राहिली. तिथल्याच बर्स्लेम गावी काम शिकलेले लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिल्पकला शिकवायला गेले. मुंबईत जन्मलेल्या मुलाचं रुडयार्ड हे नाव त्यांनी स्टॅफर्डशरमधल्या एका तळ्यावरून ठेवलं. म्हणजे इथल्या मातीचा माणूस तिथे शिकवू शकला. मग तिथला मूर्तिकार इथल्या मातीत हात घालू शकणार नाही? जिथे आपण उभे आहोत तिथल्या मातीचा गणपती हा तर 'पार्थिव' शब्दाचा सरळ अर्थ आहे.

आणि हे घडलेलंही आहे, फक्त आपल्याकडून नाही. २००६ साली लंडनच्या बंगाली मंडळींच्या साथीने ब्रिटिश म्युझियमच्या भव्य दालनात बंगालहून आलेल्या मूर्तिकारांनी लोकांसमोर दुर्गा घडवली. गवत, बांबू, माती, रंग, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. पुढे पूजा झाली आणि पुटनीजवळ थेम्समध्ये विसर्जनही झालं. हजारो लोकांनी कारागिराचे हात बघितले. बंगाली माणूस हे करू शकला, कारण त्याला मूर्तिकार हा पाहुणा वाटला. आपल्याला तो सप्लायर वाटतो. दरवर्षी मालिकेतला कोणी नट किंवा रिअ‍ॅलिटी शोमधला गायक बोलावण्यासाठी आपण व्हिसा, विमान, हॉटेल सगळं जमवतो. तेव्हा खजिनदारांना घाम फुटत नाही!

म्हणून माझं म्हणणं फक्त तीन कलमांत सांगतो. एक: मूर्ती मागवताना कारखान्याबरोबर घडवणाऱ्याचं आणि आखणी करणाऱ्याचं नाव विचारायचं, ते मंडपात मूर्तीशेजारी आणि स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापायचं, प्रायोजकांच्या आधी. शाडूच्या कामाला प्लास्टरपेक्षा जास्त वेळ लागतो, तर जास्त पैसे द्यायचे आणि घासाघीस करायची नाही. दोन: पाच वर्षांतून एकदा तरी नट-गायकाऐवजी मूर्तिकाराला बोलवायचं. महिनाभर आधी येऊ दे, आपल्यासमोर मूर्ती घडवू दे, आणि शेजारच्या शाळेतल्या गोऱ्या-काळ्या मुलांनाही बघायला बोलवू. तीन: मराठी शाळेत दिवाळीचा किल्ला बाजारातल्या प्लास्टिकच्या सैनिकांशिवाय करायचा. माणसं मुलांनी स्वतः करायची, वाकडीतिकडी का होईना, आणि प्रत्येकाच्या तळाशी काडीने मराठीत स्वतःचं नाव कोरायचं.

हा ठराव मी पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. विरोध करणाऱ्यांनी अवश्य करावा, वादाशिवाय मराठी सभा ती कसली! फक्त सभेला येण्याआधी घरच्या शोकेसमध्ये एखादी मातीची बाहुली असेल, तर तिचा तळ एकदा बघून या. तिथे नाव सापडलं, तर ते सभेत मोठ्याने वाचून दाखवा. नाही सापडलं, तर मतदान कुठल्या बाजूने करायचं ते तुमचं तुम्हीच ठरवा.

गणपती बाप्पा मोरया!